त्रेचाळीस फोटो, एक ओळ

स्नेहसंमेलनाचे फोटो शाळेच्या ॲपवर चढवायला बाई बसल्या, की पालकांच्या फोनची धडगत नसते. 43 फोटो, 43 वेळा टिंग. वैतागून पालक ॲपचा आवाज कायमचा बंद करतात. मग पुढच्या आठवड्यात 'आज बस येणार नाही' हा निरोप येतो, तो कुणी वाचत नाही आणि मुलं गेटवर ताटकळत राहतात. पुण्यात अशी ॲपं बनवण्याच्या धंद्यात मी बरीच वर्षं आहे. प्रत्येक ग्राहकाची मागणी एकच: 'नोटिफिकेशन्स कमी करा हो.' नेमकी कुठली, ते त्यानं ठरवलेलं नसतं.

घडामोडींच्या या ओघाला आम्ही फीड म्हणतो. त्यातली प्रत्येक नोंद चार प्रश्नांची उत्तरं देते: कोणी, काय केलं, कशाचं, कुठे. 2011 मध्ये याचा 'ॲक्टिव्हिटी स्ट्रीम्स' नावाचा सामाईक आराखडा तयार झाला. दुसऱ्या आवृत्तीला 2017 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्यता दिली. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचे वेगवेगळे सर्व्हर आज याच भाषेत एकमेकांशी बोलतात. 'बाईंनी फोटो टाकला' असं नुसतं सलग वाक्य साठवलं, तर पुढे कितीही हुशार गाळणी लावा, ती आंधळीच.

चार भाग सुटे असले, की कोणी, काय आणि कुठे सारखं असलेल्या नोंदींचा गठ्ठा बांधता येतो. 'बाईंनी स्नेहसंमेलन अल्बममध्ये 43 फोटो टाकले', संपलं. मेख आहे ती वेळेत. दहा ते अकरा असा ठरावीक तास धरला, तर 10:58 ला सुरू झालेले फोटो दोन ओळींत फुटतात. म्हणून आम्ही शांतता मोजतो: शेवटच्या फोटोनंतर 15 मिनिटं काही आलं नाही, की गठ्ठा बंद. पण बाई दुपारभर सवडीनं एकेक टाकत राहिल्या, तर तो बंदच होणार नाही; त्यामुळे वर दोन तासांची कमाल मर्यादाही लागते. चुकून टाकलेला आणि लगेच काढलेला फोटो कुणाला कळतही नाही, हा फायदा फुकटात. (निम्मं काम हे असं थांबून राहण्याचंच आहे. ग्राहकाला ते काम वाटत नाही.) बसचा निरोप मात्र या रांगेत उभाच राहत नाही. तो थेट जातो.

आता गाळायचं कुठे? नोंद लिहितानाच की वाचताना? ट्विटर बरीच वर्षं लिहितानाच प्रत्येक सक्रिय वाचकाची सुमारे 800 ट्वीटची यादी तयार ठेवत असे. लाखो अनुयायी असलेल्यांची ट्वीटं मात्र वाचताना मिसळावी लागत, कारण एका ट्वीटपोटी लाखो याद्यांत लिहिणं परवडत नाही. माझा आग्रह इतकाच, की मूळ नोंद कधीच फेकू नये. एखाद्या पालकाने जानेवारीत क्रीडा विभाग पुन्हा सुरू केला, तर डिसेंबरचे सामने त्याला दिसायला हवेत.

क्रमवारीबद्दल माझं मत जरा कडक आहे. फेसबुकचं न्यूज फीड 2006 च्या सप्टेंबरात आलं. माणसाशी असलेली जवळीक, नोंदीचं वजन आणि तिचा जुनेपणा यांवर क्रम लागतो, असं कंपनीने 2010 मध्ये सांगितलं. लोक आपल्या फीडमधलं सरासरी 70 टक्के बघतच नाहीत, म्हणून क्रम बदलतो, असं इन्स्टाग्रामने 2016 मध्ये म्हटलं. तिथे ते पटतं. शाळेत नाही पटत. गठ्ठ्यावर बोट ठेवलं की 43 फोटो उघडतात, काही लपत नाही. क्रमवारी एखादी सूचना खाली ढकलते आणि का ढकलली ते सांगत नाही. फी भरण्याची शेवटची तारीख अशी खाली गेली, तर पालक कुणाला जाब विचारणार?

ग्राहकांना हवं असतं तीस बटणांचं सेटिंग्जचं पान. बहुतेक पालक ते उघडतही नाहीत. आम्ही तीनच पर्याय ठेवतो: लगेच, संध्याकाळी एकदम, किंवा ॲप उघडल्यावरच. फोटोंना सुरुवातीलाच दुसरा पर्याय लावलेला असतो. आणि बाईंच्या स्वतःच्या फोनवर त्यांच्याच फोटोंची टिंग वाजू नये, हेही सॉफ्टवेअरला वेगळं सांगावं लागतं.