संत्र्याची जात कोणती?

वनस्पतींच्या शास्त्रीय वर्गीकरणात नागपुरी संत्र्याचा पत्ता असा : कुल रुटेसी, प्रजाती सायट्रस, जाती सायट्रस रेटिक्युलाटा. कुलाबद्दल वाद नाही. बेल, कवठ आणि कढीपत्ता याच कुलातले. यांचे पान उजेडासमोर धरले की तैलग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतात. वाद आहे तो जातीचा.

लिनियसने पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. सायट्रसच्या फुलात पुंकेसर जुडग्याजुडग्यांनी जोडलेले असतात, म्हणून त्याची रवानगी ‘पॉलिअडेल्फिया’ वर्गात झाली. पद्धत सोपी, पण कृत्रिम. बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात अनेक लक्षणे एकत्र पाहून कुले मांडली. भारतातील महाविद्यालये कित्येक पिढ्या त्याच क्रमाने शिकवत आली.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या स्विंगल यांनी सायट्रसच्या १६ जाती मानल्या, तर जपानच्या तानाका यांची यादी वाढत १६२ वर गेली. झाडे तीच, फळे तीच! जपानचे उन्शू संत्रे स्विंगलना रेटिक्युलाटातच बसणारे वाटले. तानाकांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला.

घोळाचे मूळ बियांत आहे. सायट्रसमध्ये संकर सहज होतो. एरवी संकराची संतती विस्कटते. पण नागपुरी संत्र्यासह यातल्या अनेकांच्या एकाच बीत एकाहून अधिक गर्भ असतात आणि त्यांतले बहुतेक परागाचा वाटा न घेता केवळ मातृपेशींपासून बनतात. त्यामुळे एकदा झालेला संकर पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा उगवतो आणि स्वतंत्र जातीसारखा दिसू लागतो. केवळ पाने-फुले पाहणारा अभ्यासक इथे फसणारच.

उलगडा जनुकांनी केला. लागवडीतल्या बहुतेक लिंबूवर्गीय फळांच्या मुळाशी संत्रे, पपनस आणि महाळुंग या तीन जाती निघाल्या. मोसंबी हा पपनस-संत्र्याचा संकर. मोठे पिवळे लिंबू हा आंबट नारिंग आणि महाळुंगाचा. विदर्भात संत्र्याचा डोळा ज्या जंबेरी खुंटावर भरतात, ती जंबेरीही संत्रे आणि महाळुंगाची संतती. खुद्द संत्रीही निर्भेळ नाहीत. लागवडीतल्या बऱ्याच वाणांत पपनसाचा अंश सापडतो. २०१८ मध्ये ६० जनुकसंच तपासून सायट्रसच्या दहा मूळ नैसर्गिक जाती निश्चित करण्यात आल्या. दहा हा आकडा स्विंगलच्या बाजूने झुकतो, तानाकांच्या नव्हे.

तरीही मोसंबीला सायट्रस सायनेन्सिस म्हणण्याची रीत सुटलेली नाही, आणि सुटण्याची गरजही नाही. रोपवाटिकेला वंशावळीपेक्षा वाणाची ओळख महत्त्वाची असते. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला मिळालेले भौगोलिक मानांकनही जातीला नाही, या प्रदेशातल्या फळाला आहे.