धारूरच्या थंडीत स्नॅपड्रॅगन

बालाघाटाच्या डोंगरातले धारूर लोकांना माहीत आहे ते किल्ल्यासाठी आणि सीताफळासाठी. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दिवाळीनंतर सीताफळाची घाई ओसरते, रात्री गारठू लागतात आणि दिवसा लख्ख ऊन असते. थंड रात्र आणि भरपूर उजेड हेच स्नॅपड्रॅगनला हवे असते. विहिरीला माघापर्यंत पाणी पुरत असेल, तर या फुलाचा एक गुंठा इथे जरूर लावून पाहावा असे मला मनापासून वाटते.

या पिकात पैसा मिळतो तो दांड्याच्या लांबीला. आणि दांडा किती वाढणार, हे बरेचसे रोप ट्रेमध्ये असतानाच ठरून जाते.

बी नको, रोप घ्या

स्नॅपड्रॅगनचे बी धुळीसारखे बारीक असते, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. ते उगवायला उजेड लागतो, त्यामुळे वर माती टाकून चालत नाही. उघडे ठेवावे तर ओल उडते. शिवाय उगवणीला 18 ते 21 अंश तापमान लागते आणि पेरणी येते ऐन ऑगस्टच्या दमटपणात. हे काम नर्सरीवाल्याकडेच सोपवावे. मिरची, टोमॅटो, झेंडूची रोपे आपण कोकोपीटच्या ट्रेमधून आणतोच, तशीच ही आणावीत. मात्र मागणी आठ-दहा आठवडे आधी नोंदवावी लागते.

मागणी देताना दांड्याच्या फुलांचीच जात मागा. कुंडीत लावायच्या बुटक्या जाती वेगळ्या असतात. या फुलाच्या जाती दिवसाची लांबी आणि उजेड पाहून चार गटांत विभागल्या आहेत: पहिला गट कमी उजेडाच्या हिवाळ्याचा, चौथा कडक उन्हाळ्याचा. आपला हिवाळा युरोपसारखा अंधारा नसतो, धारूरला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे 11 तासांचा असतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या जाती इथे जास्त जुळतात.

रोपाचे वय

पाच ते सहा आठवड्यांचे, तीन-चार पानजोड्यांचे रोप उत्तम. उपटल्यावर कोकोपीटचा गड्डा न फुटता निघावा आणि मुळे पांढरी दिसावीत. मुळांनी गड्ड्याला वेढे घातले असतील आणि ती तपकिरी झाली असतील, तर रोप ट्रेमध्ये थांबून राहिले आहे. असे रोप शेतात गेल्यावर वाढायचे सोडून लवकर कळी धरते आणि वीतभर दांड्यावर फुलते. मग कितीही खत घाला, तो दांडा लांबत नाही. त्यामुळे गादीवाफे, ठिबक आणि जाळी तयार असल्याशिवाय रोपांची गाडी बोलावू नये. उशीर झालेली रोपे नर्सरीवाला स्वस्तात देऊ करील, तरी घेऊ नयेत.

तारखा

परतीचा पाऊस सरला की दसऱ्याच्या आसपास पहिली लागवड करावी. एका दांड्यावर ठेवलेले रोप आठ ते दहा आठवड्यांत फुलते, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून नाताळ आणि नववर्षाच्या मागणीला माल मिळतो. पौषात लग्ने थांबतात, म्हणून सगळी रोपे एकदम लावू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी तुकडी लावा आणि तिचा शेंडा खुडा, म्हणजे ती माघातल्या लग्नसराईला येईल. फेब्रुवारी संपताना ऊन तापले की दांडे आखूड पडतात.

वाफा, अंतर, खुडणी

डोंगरउताराची मुरमाड, निचऱ्याची जमीन चांगली. खालच्या काळ्या जमिनीत गादीवाफा फूटभर उंच हवा, कारण मुळाशी पाणी थांबले की रोप कुजते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते आणि ठिबकमधून चिलेटेड लोह दिल्यावर ती भरून निघते. शेंडाच मरू लागला तर बोरॉन तपासावे.

शेंडा खुडायचा नसेल तर 10 बाय 10 सेंटिमीटरवर लावा. खुडायचा असेल तर 15 बाय 15 वर. वाटा सोडून गुंठ्यात 60 चौरस मीटर वाफा धरला, तर पहिल्या अंतराला 6,000 आणि दुसऱ्याला साधारण 2,650 रोपे लागतात. खुडताना खालच्या तीन-चार पानजोड्या राखाव्यात. झाडाला तीन-चार दांडे येतात, पण फूल सुमारे तीन आठवडे लांबते. रोपांवर जास्त पैसे घालायचे नसतील तर खुडणीच परवडते.

आधाराची जाळी लागवडीच्या दिवशीच अंथरा आणि रोपे वाढतील तशी वर उचला. दांडा एकदा वाकला की तो सरळ होत नाही, फक्त टोक वर वळते.

तांबेरा

पानाखाली तपकिरी पूड दिसली की तांबेरा आला समजावे. तो ओल्या पानावर पसरतो. तुषार सिंचन टाळा, ठिबकही सकाळीच चालवा. लागलेली पाने वाफ्यात पडू देऊ नका.

तोडणी आणि वाहतूक

खालची पाच-सात फुले उमलली, वरच्या कळ्यांना रंग दिसू लागला की पहाटे तोडावे आणि दांडे लगेच पाण्यात उभे करावेत. आडवे ठेवले तर काही तासांत टोके वर वळतात आणि जुडी वाकडी दिसते. पुण्याला किंवा हैदराबादला रात्रभर जायचे तर खोकी उभीच रचावी लागतात, हे टेम्पोवाल्याला आधी बजावून सांगा.

दुसरी काळजी फळांची. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने या दांड्यावरची फुले गळून पडतात. मागास बहाराची सीताफळे, केळी किंवा पपया ज्या खोलीत वा गाडीत असतील, तिथे ही फुले ठेवू नयेत. परागीभवन झालेले फूलही लवकर गळते, म्हणून मधमाश्यांची ये-जा असलेल्या शिवारात वाफ्यावर कीटकरोधक जाळी लावलेली बरी.