पंजाबची दाई

चंडीगडच्या आसपासच्या खेड्यांत बाळंतपण पिढ्यान्‌पिढ्या दाईच्या हातात होते. आपल्याकडच्या सुईणीसारखीच ती बहुधा दलित घरातली; सासूच्या हाताखाली शिकलेली, ठरावीक घरांशी बांधलेली, धान्य-कपड्यावर काम करणारी. नाळ कापणे विटाळाचे मानले जाई, म्हणून ते तिच्याकडे. बाळंतिणीचे अंग रगडणे, बाळाला न्हाऊ घालणे हेही तीच करी. बाळंतीण चाळीस दिवस घरात राही आणि तुपात भाजलेल्या कणकेची, सुंठ-ओवा घातलेली पंजिरी खाई.

खरा धोका नाळेपाशी होता. ती हाताशी असेल त्या विळ्याने वा चाकूने कापली जाई, आणि जखमेवर राख किंवा शेण लावले जाई. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. आठवडाभरात बाळाचा जबडा आवळे, दूध ओढणे थांबे, झटके येत. घरचे लोक ती बाहेरची बाधा समजत. त्यात पहिला चीक पिळून टाकून बाळाला गूळपाणी चाटवण्याची रीत होती.

अमृतसरच्या सिव्हिल सर्जनने 1866 मध्ये दाईंना शिकवण्याचा प्रयत्न केला. पुढे तिथल्या मिशनच्या मिस ह्युलेट यांनी ते काम चालवले. 1894 मध्ये इंग्रज डॉक्टर एडिथ ब्राउन यांनी लुधियान्यात स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली आणि दाईंच्या शिक्षणातही लक्ष घातले. 1903 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी याच कामासाठी निधी उभारला.

त्या काळच्या लिखाणात सारा दोष दाईच्या माथी मारलेला दिसतो. हा अन्याय होता. कोंदट खोली, अर्धपोटी आई, अंगात रक्त नसणे, कोसभरात डॉक्टर नसणे, यांतले काहीच तिने निर्माण केले नव्हते. वर्गाला येणे म्हणजे तिचा दिवसाचा रोजगार बुडणे. त्यामुळे तिने शिकायला यावे म्हणून कित्येक ठिकाणी तिलाच पैसे दिले जात.

स्वातंत्र्यानंतर शिकवण नेमकी झाली: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळेचे टोक स्वच्छ असावे. 1962 मध्ये चंडीगडला स्थापन झालेल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या डॉक्टरांनी हरियाणातल्या रायपूर रानी भागात आणखी पुढचे पाऊल टाकले. जन्मताच न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा कशी द्यावी, हे त्यांनी दाईंना शिकवले. अक्षरओळख नसलेल्या हातांवर एवढा विश्वास टाकणे हीच या प्रयोगाची मोठी गोष्ट.

2005 मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणाला प्रोत्साहन देणारी जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात गेली आणि दाईचे काम आटले. 2015 मध्ये भारत माता व नवजात धनुर्वातापासून मुक्त ठरला. त्यात लसीचा वाटा मोठा, पण स्वच्छ पात्याचाही आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने परिचारिकांना दीड वर्षाचे खास शिक्षण देऊन नवी प्रसूतिसेविका घडवण्याचे धोरण स्वीकारले.