मस्टरवर सगळेच हेल्पर

शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं, की मांडवी, चांदीप, पारोळ हा पट्टा सुरू होतो. एका अंगाला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला भातखाचरं आणि तानसेकडे उतरत जाणारी जमीन. शनिवार-रविवारी या रस्त्यावर भाईंदर-बोरिवलीच्या गाड्यांची रीघ असते. कुणी देवीला निघालेलं असतं, कुणी अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर, आणि बाकीचे सरळ पाण्यात डुंबायला एखाद्या रिसॉर्टवर. या पट्ट्यातल्या गावांमधल्या पोरांना काय करतोस म्हणून विचारलं, तर हमखास एकच उत्तर मिळतं : "रिसॉर्टला आहे."

त्या उत्तरात आचारी, वेटर, गाद्या-चादरी बदलणारी बाई, गेटवर पट्टी बांधणारा, पाण्याच्या घसरगुंडीवर उभा राहणारा असे सगळेच येतात. पण शिरगणतीला, पगाराला आणि पुढच्या नोकरीला एवढ्याने भागत नाही. तिथे काम नेमकं कुठल्या खणात बसतं ते सांगावं लागतं, आणि हे खण सरकारने करून ठेवलेले आहेत.

आपल्याकडचं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण पहिल्यांदा 1958 साली आलं. मग 1968, 2004 आणि आता चालू असलेलं 2015 चं. प्रत्येक कामाला आठ आकडी क्रमांक, आणि त्यातले पहिले चार आकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2008 च्या यादीशी जुळवलेले. सगळ्यात बोलका असतो तो पहिला आकडा. 1 म्हणजे व्यवस्थापक, 3 म्हणजे तंत्रज्ञ आणि त्यांच्या बरोबरीचे, 5 म्हणजे सेवा आणि विक्री, 9 म्हणजे प्राथमिक, अंगमेहनतीची कामं.

एखाद्या स्वयंपाकघरात डोकावलं तर ही उतरंड डोळ्यांसमोर दिसते. पहिले चारच आकडे घेतले, तर शेफ 3434, कुक 5120, भांडी-भाजीचा मदतनीस म्हणजे हॉटेलवाल्यांचा मसालची 9412. तिघं एकाच धुरात उभे, पण तीन वेगळ्या मजल्यांवर. आणि शेफचा मजला तसा अलीकडचाच. जागतिक यादीत 2008 पर्यंत त्याला वेगळा खण नव्हता, तो कुकमध्येच धरला जाई. मग ठरलं, की पदार्थ आखणं, मेनू बसवणं, दुसऱ्यांच्या हाताखालच्या कामाची आखणी करणं हे निराळं कौशल्य आहे. आता आपला लग्नातला आचारी घ्या. पाचशे पानांचा अंदाज मनातल्या मनात बांधतो, किराण्याची यादी तोंडी सांगतो, दहा माणसं कामाला लावतो आणि उकडहंडीत कंद किती, वाल किती हे त्याच्याशिवाय कुणी ठरवत नाही. व्याख्या लावायची तर हा शेफच. पण डोक्यावर उंच पांढरी टोपी नाही, म्हणून तो आपला आचारीच राहतो. 1954 साली मुंबईत देशातली पहिली केटरिंगची संस्था निघाली, तीच आजची दादरची. तेव्हापासून आपल्याकडे हॉटेलच्या कामाची शिकलेली आणि न शिकलेली अशी फाळणी झाली ती झालीच.

आता रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकाठचा मुलगा पाहा. रविवारी गळ्यात शिट्टी, अंगात लाल टी-शर्ट. पोहता न येणारे बापे खोल बाजूला सरकले की तो त्यांना हाकलतो, एखादं पोर गटांगळ्या खाऊ लागलं तर उडी मारतो. हा जीवरक्षक, क्रमांक 5419, सुरक्षा सेवेच्या गटातला. सोमवारी गर्दी नसते. तोच मुलगा जाळीने पाण्यातला पाचोळा काढतो, फरशा घासतो, क्लोरिन टाकतो, पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 मध्ये आहे ना ते तपासतो. तलाव साफ करणारा म्हणून त्याचा क्रमांक 9129. दुपारी वेटर कमी पडले तर ताटंही उचलतो. मस्टरवर मात्र वर्षभर एकच शब्द : हेल्पर.

मालक म्हणेल, सगळंच करतो तर लिहायचं काय? याचं उत्तर जागतिक वर्गीकरणाच्या नियमांतच आहे, आणि ते फारसं कुणी वाचत नाही. एका माणसाच्या कामात वेगवेगळ्या पातळीची कौशल्यं मिसळलेली असतील, तर त्यातल्या सर्वांत वरच्या कौशल्याच्या कामावरून त्याचा खण ठरवावा, असं तिथे म्हटलंय. शिवाय कौशल्याची पातळी कामाची मोजायची, माणसाच्या दाखल्याची नव्हे; शाळेत न जाता, करून करून आलेलं कौशल्यही त्यात धरलंय. म्हणजे या नियमाने तलावाकाठचा मुलगा जीवरक्षक ठरतो. आपल्या मस्टरवर याच्या बरोबर उलट चालतं : माणूस जे सगळ्यात हलकं काम करतो, तेच त्याचं नाव.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर सोडून दिला असता. राज्यात हॉटेलांसाठीचं किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन पायऱ्यांवर ठरतं. हेल्पर लिहिलं की अकुशल, अकुशल म्हटलं की तळाचा दर. वर्षातून दोनदा बदलणारा विशेष भत्ता त्या तळाच्या मूळ दरावरच चढत जातो. पदनामाची ही चूक मग वर्षानुवर्षं पगारात मुरते.

सरकारने दुसरी एक शिडीही उभी केली आहे, कौशल्य पात्रतेची. डिसेंबर 2013 मध्ये आली तेव्हा दहा पायऱ्यांची होती, 2023 मध्ये आठ झाल्या. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही तिच्यात आहे. कल्पना चांगली, पण अभ्यासक्रम मोठ्या हॉटेलचे नमुने समोर ठेवून बेतलेले. तिथे रूमवाला रूमच पाहतो, बारवाला बारच. चांदीपच्या आसपास अशी चैन कुणाला परवडते?

खणांची गंमत विरारच्या बाजूला आणखी रंगते. आगाशीचं भुजिंग घ्या : मसाला लावलेलं चिकन निखाऱ्यावर भाजायचं, मग पोहे-बटाट्याबरोबर परतायचं. दुकानाच्या भट्टीवर भाजणारा कुक, 5120. तोच गाडी लावून रस्त्यावर उभा राहिला की 5212, रस्त्यावरचा खाद्यविक्रेता. हात तोच, निखारे तेच. घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. हॉटेल व्यवस्थापकाचा खण 1411, पण घरगुती निवासाची सोय चालवणाऱ्याला यादीने 5152 मध्ये टाकलंय, बटलर आणि घर सांभाळणाऱ्या नोकरांच्या शेजारी. बुकिंग तिचं, हिशेब तिचा, पाहुण्यांशी बोलणं तिचं, तांदळाची भाकरीही तिचीच. सर्वांत वरच्या कौशल्याचा नियम इथे लावला, तर ती या खणातून उठून कुठे बसेल, हे यादी करणाऱ्यांनी एकदा सांगावं.

आणि पर्यटन म्हणून वेगळा खण उद्योगांच्या यादीत नाहीच. राहण्या-खाण्याचा विभाग आहे, वाहतुकीचा आहे. फाट्यावरून वज्रेश्वरीला सीट भरणारा इको गाडीवाला सकाळी भाविक नेतो आणि संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली की कामगार आणतो. त्याचा क्रमांक दोन्ही वेळा 8322 च. पर्यटनाने किती हातांना काम दिलं, याचा आकडा काढताना म्हणून अंदाजाचे वाटे करावे लागतात.

पावसाळ्यात रिसॉर्ट ओस पडतात, पोरं लावणीला जातात, आणि दिवाळीनंतर नवीन जागा शोधायची वेळ येते. तेव्हा अनुभवाचा दाखला लागतो. तो मागताना 'हेल्पर, तीन हंगाम' एवढ्यावर कुणी समाधान मानू नये. तलावावर जीवरक्षकाचं काम, क्लोरिन व पीएच तपासणी, सुटीच्या दिवशी अमुक इतक्या माणसांवर देखरेख, असं ओळीने लिहून घ्यावं. मालकाला त्यासाठी एक पैसा जास्त द्यावा लागत नाही, आणि पुढच्या ठिकाणी पगाराचं बोलणं कुशल कामगार म्हणून सुरू करता येतं.