पिवळ्या रंगाची साक्ष

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील आचऱ्यासारख्या गांवीं सकाळची पेज आणि दुपारचा भात हा नित्याचा आहार. भातांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब सांखळी होय. लाळ व स्वादुपिंडाचा रस हिचे तुकडे पाडतात. पुढें लहान आंतड्याच्या अस्तरांतील ग्लुकोसायडेज नांवाचें विकर, म्हणजेच एन्झाइम, त्यांतून एकेक ग्लुकोज सोडवितें. मधुमेह्याच्या रक्तांत ही साखर झपाट्यानें चढते. विकरास कांहीं वेळ अडविलें, तर ती सावकाश चढेल, हें उघड आहे.

ॲकार्बोज हें असें अडविणारें द्रव्य. जर्मनींतील बायर कंपनीच्या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत तें मातींतील एका जिवाणूपासून मिळविलें. त्याची घडण शर्करेसारखी असल्यामुळें विकर त्यालाच धरून बसतें.

प्रयोगशाळेंत मात्र ॲकार्बोज माप म्हणून उपयोगी पडतें. कोकणांत सप्तरंगी नांवाची वेल मधुमेहावर देतात. तिचा गुण पाहावयाचा, तर परीक्षानळींत विकर घेऊन त्यांत तुटतांच पिवळें होणारें एक रंगहीन द्रव्य घालतात. काढ्यानें पिवळेपणा घटला, तर विकर अडलें असें समजतात. विकराचें काम निम्म्यावर आणण्यास काढा किती लागला व ॲकार्बोज किती, ही तुलना होय.

येथेंच फसगत संभवते. पुष्कळदां हें विकर यीस्टचें, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाचें असतें. ॲकार्बोज त्याला फारच थोडें अडवितें. सस्तन प्राण्यांच्या आंतड्यांतील विकरास मात्र जोरानें. तेव्हां यीस्टवर ॲकार्बोजला मागें टाकण्यांत मोठा पराक्रम नाहीं.

सप्तरंगीची कीर्ति अगदींच निराधार नव्हे. तिच्याच वंशांतील, श्रीलंकेंत व दक्षिण भारतांत आढळणाऱ्या एका वेलीपासून जपानी संशोधकांनीं १९९७ सालीं सॅलेसिनॉल वेगळें केलें. तें आंतड्यांतील विकरांनाहि अडवितें. तथापि नळींत अडविणें निराळें आणि माणसाच्या शरीरांत गुण येणें निराळें. मात्रा, परिणाम व अपाय हीं माणसांवरील परीक्षेनेंच ठरतात.

यास्तव ‘ॲकार्बोजहून सरस’ म्हणून कोणीं पुडी पुढें केली, तर विचारावें : विकर कोणाचें होतें, यीस्टचें कीं आंतड्याचें? उत्तर कांहींहि येवो, चालू असलेली गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून सोडूं नये.