कूलर बंद, मारवा सुरू

"कूलर बंद कर नं बापू," काकाजी नातवाला म्हणतात आणि खोलीतले आम्ही सगळे एकमेकांकडे पाहतो. मे महिन्यातल्या बडनेऱ्यात संध्याकाळी साडेसहाला कूलर बंद करायचा म्हणजे थट्टा नाही. भिंतीला हात लावला तर अजून चटका बसतोय. पण कूलरच्या घरघरीत तानपुरा बुडतो, त्यामुळे इलाज नाही. बटण खाली होतं. ओल्या वाळ्याचा वास तेवढा मागे राहतो आणि घाम लगेच कामाला लागतो.

आज 2 मे. 1920 साली याच तारखेला मूर्तिजापूरला वसंतराव देशपांडे जन्मले. मूर्तिजापूर म्हणजे इथून अकोल्याकडे जाताना लागणारं स्टेशन. गाणं शिकले नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे, नोकरी केली पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत, नाव झालं महाराष्ट्रभर. पण जुन्या वस्तीतल्या या खोलीत जमलेल्यांच्या लेखी ते 'आपल्या लाइनीवरचे'. काकाजींचा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेला, तेव्हा लाइनीवरचा माणूस त्यांना जास्तच जवळचा.

सुरुवात रेकॉर्डने होते. 'कट्यार काळजात घुसली'. 24 डिसेंबर 1967ला रंगभूमीवर आलेलं नाटक. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब झालेले वसंतराव मूर्तिजापूरचे. त्यामुळे चाली गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींच्या असल्या तरी आमच्याकडे या नाटकाकडे घरचं कार्य म्हणूनच पाहतात. काकाजी रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेवर धरतात, उजेडात तिरपी करून पाहतात, मऊ ब्रश फिरवतात. सुई टेकते. गाणं सुरू होतं, चढतं, आणि जरा अंग मोकळं होतंय म्हणेपर्यंत संपतं.

"झालं?" नातू विचारतो.

"रेकॉर्डवर येवढंच मावते राजा. नाटकात वन्समोअरवर वन्समोअर भेटत जाय."

मला स्टुडिओतले वसंतराव नेहमी इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखे वाटतात. चांगलेच दिसतात, पण हा माणूस घरी असा बसत नसणार. त्यांचं गाणं पुढची जागा ऐनवेळी सुचण्यावर चालायचं. आणि सुचायला वेळ लागतो, समोर माणसं लागतात. 'वा' म्हणणारं कुणी नसेल तर इतक्या अवघड जागी उडी घ्यायची कुणासाठी?

काकाजी पत्र्याचा बिस्किटांचा डबा उघडतात. खरी मेजवानी यात आहे. आत कॅसेट. एकीवर बॉलपेनने फक्त 'व. दे. मारवा' एवढंच. मैफल कुठली, साल कुठलं, साथीला कोण, कशाचा पत्ता नाही. हातोहात फिरत इथवर आलेली नकलेची नक्कल. टेप दाबून धरणारी आतली नमद्याची गादी केव्हाच निखळली होती. काकाजींनी काल पाचही स्क्रू काढून टेपची दोन्ही रिळं दुसऱ्या, धड असलेल्या कॅसेटच्या डब्यात बसवली आहेत.

डेक सुरू होतो. आवाज येतो, पण रजईखालून आल्यागत. काकाजी चष्मा कपाळावर सरकवतात आणि सोनाराकडचा बारीक पेचकस हेडशेजारच्या स्क्रूत घालतात. पाव फेरा इकडे. नाही. जरासा तिकडे. अजून थोडा. हेडचा कोन टेपशी जुळतो आणि तानपुरा एकदम खोलीत येऊन बसतो. तबल्याची शाई ऐकू येते. पुढे कुणीतरी खाकरतंही.

"हां!" काकाजी पेचकस खिशात टाकतात. "आता बसा."

मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावर सगळा भार, आणि षड्ज मुद्दाम लांब ठेवलेला. घर दिसतंय पण कुणी आत घेत नाही, अशी ती अवस्था. वसंतराव लाहोरला असद अली खाँकडे हा राग शिकले. पुढे मारवा म्हटला की त्यांचंच नाव घेतलं जाऊ लागलं. इथे ते धैवतावर थांबलेत. वरच्या षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत जातात, शिवत नाहीत, परत फिरतात. शेजारी बसलेले गुरुजी मांडीवर धरलेला ठेका विसरून नुसते पाहताहेत. मग कुठलीही सूचना न देता तान सुटते, वाकडी, मध्येच दिशा बदलणारी, आणि समेवर अशी आदळते की कॅसेटमधले श्रोते आणि आम्ही एकदमच ओरडतो.

तेवढ्यात शिट्टी होते. आम्ही सवयीने खिडकीकडे वळतो.

"थे आपली नाई," काकाजी डोळे न उघडता म्हणतात. "कॅसेटमधली हाये. वाफेच्या इंजिनाची शिट्टी. आता कुठं ऱ्हायलं वाफेचं इंजिन!"

म्हणजे मैफल रुळांजवळच्याच कुठल्यातरी गावात झालेली. लेबलने जे सांगितलं नाही ते गार्डाच्या कानाने सांगितलं.

कोपऱ्यातला कॉलेजचा पोरगा मोबाइल वर करतो. "काकाजी, अॅपवर भेटते नं हे सगळं. मारवा बी हाये."

"हाये नं. आयक खुशाल. पन हे शिट्टीवाला मारवा तेच्यात हाये काय, पाय बरं."

पोरगा शोधतो. नाही.

मोबाइलशी माझं भांडण नाही. दुपारी मीही त्यावरच ऐकतो. डिसेंबरात महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांतला मी आहे, तो रमणबागेच्या मैदानात व्हायचा तेव्हा तिथे थंडीत कुडकुडत बसलोय. तिथे गाणं थोर असतं, पण ते हजारोंसाठी असतं. मनात जास्त राहिल्या त्या अमरावतीतल्या लहान बैठका. अमरावती गझलकार सुरेश भटांची. आष्टगावचे भीमराव पांचाळे गझल म्हणताना शेराची पहिली ओळ पुनःपुन्हा घोळवतात, दुसरी लांबवतात. ती अखेर येते तेव्हा बैठकीतून जो हुंकार उठतो तो मला त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत मिळत नाही. आमचे कान मुळात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर तयार झालेले. समोरच्याने साद घातली की ओ द्यायची, ही आमची रीत.

द्रुत ऐन रंगात असताना कॅसेटची बाजू संपते, तान अर्ध्यात तुटते. दुसऱ्या बाजूला गाणं थोडं पुढे गेलेलं आहे. मूळ मुद्रण करणाऱ्याने कॅसेट उलटी करेपर्यंतचं गेलं ते गेलं. कुणी हळहळत नाही, कारण कूलर पुन्हा सुरू झालाय आणि अमरावतीहून आलेला गिला वडा समोर आहे. आवाजाच्या बाबतीत ही नक्कल कुठल्याही छापील कॅसेटपुढे टिकणार नाही. गाण्याच्या बाबतीत मला घरातली कुठलीही रेकॉर्ड हिच्यापुढे ठेवावीशी वाटत नाही.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात घालू नका. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर तशीच डेकमध्ये घालू नका, आधी जाणत्या माणसाकडून पुसून घ्या. एकदाच नीट वाजवून संगणकावर उतरवा. आणि ती मैफल प्रत्यक्ष ऐकलेलं कुणी घरात हयात असेल तर गाव, साल, साथीदारांची नावं आजच विचारून लेबलवर लिहून ठेवा.