मुंबईचे पंचरंगी सामने व त्यांचे प्रेक्षक

अमेरिकेत बेसबॉल या खेळाचा अभिमान शहराशहरांतून बाळगला जातो. आपल्या गावचा संघ विजयी झाला म्हणजे तेथील आबालवृद्धांस आपल्याच घरी मंगलकार्य निघाल्याचा आनंद होतो. शहर व खेळ यांचे असे नाते आपल्याकडे पाहावयाचे असल्यास ते मुंबई व क्रिकेट यांचे होय. झरी जामणीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांस मुंबई फार दूर वाटेल. तथापि तिच्या क्रीडाप्रेमाच्या इतिहासात आम्हां सर्वांस घेण्याजोगा एक धडा आहे. उत्तम खेळाडू कसा निपजतो, हे पुष्कळ जण सांगतात. उत्तम प्रेक्षक कसा घडतो, हे या इतिहासावरून कळते.

एतद्देशीयांपैकी हा खेळ प्रथम पारशी लोकांनी उचलला. १८४८ साली त्यांनी मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापिला. १८८६ व १८८८ साली पारशी संघ इंग्लंडास जाऊन खेळून आले. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने दरसाल होऊ लागले. १९०७ साली हिंदू संघ आला व सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान संघ आला व ते चौरंगी झाले. १९३७ साली 'रेस्ट' म्हणजे उरलेल्यांचा संघ आला व ते पंचरंगी झाले. या शेवटल्या संघात मुख्यत्वे आपले हिंदी ख्रिस्ती खेळाडू असत. संघ असे धर्मवार का पडले, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, त्या काळी मुंबईतील जिमखाने त्या त्या समाजाचे असत आणि खेळाडू आपापल्या जिमखान्यातूनच पुढे येत.

हे सामने म्हणजे मुंबईचा एक मोठा उत्सवच असे. पण त्या गर्दीच्या मनात काय होते, हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. पाळवणकर बाळू यांचेच उदाहरण घ्या. चर्मकार कुळात जन्मलेले हे गृहस्थ पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखीत व साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदू संघात घेतल्यावरही त्यांस चहा मिळे तो बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी जय मिळविला, त्यात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर बाळूंनी ११४ गडी बाद केले. इतके असूनही हिंदू संघाचे नायकत्व त्यांस कधी लाभले नाही. ते लाभले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस, १९२३ साली. त्या वर्षी हिंदू संघ जिंकला, तेव्हा उच्च म्हणविणाऱ्या जातींच्या लोकांनी विठ्ठल यांस खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, त्यांसच खांद्यावर घेण्यास ते हात पुढे झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

बेसबॉलच्या इतिहासातही असाच एक प्रसंग आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंस तेथील मुख्य संघांची दारे कित्येक दशके बंद होती. १९४७ साली ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने जॅकी रॉबिन्सन यांस घेतले. प्रतिपक्षाकडून त्यांस पुष्कळ शिवीगाळ सोसावी लागली. परंतु त्यांचा खेळ पाहून ब्रुकलिनच्या लोकांनी त्यांस आपले मानले.

परंतु संघास धर्माचे नाव असल्यावर जयापजयालाही धर्माचा रंग चढण्याचे भय राहतेच. म्हणून या सामन्यांस विरोध होऊ लागला. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी महात्मा गांधींस भेटण्यास आपल्या शेजारच्या वर्ध्यास आली. धर्मवार संघांचे सामने आपणांस मान्य नाहीत, असे गांधीजींनी स्पष्ट सांगितले. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. सामने मात्र १९४६ साली कायमचे थांबले.

ते थांबले हे इष्टच झाले, असे आमचे मत आहे. तरीही १९४३ च्या अंतिम सामन्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सांगलीच्या एका शाळामास्तरांचे पुत्र, आपल्या ख्रिस्ती समाजातील विजय हजारे, हे रेस्ट संघाकडून ब्रेबोर्न स्टेडियमवर खेळत होते. हिंदू संघाने ५ गडी बाद ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. रेस्ट संघ १३३ धावांत गारद झाला व त्यास लागलीच दुसरा डाव खेळावा लागला. त्या डावाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा केल्या, परंतु एक बाजू धीराने सांभाळून ३०० धावांच्या भागीदारीस हातभार लावला. सामना हिंदू संघाने एक डाव व ६१ धावांनी जिंकला. असे असूनही आज त्या सामन्याची आठवण निघते, ती हरलेल्या पक्षाच्या हजाऱ्यांसाठी. प्रेक्षक खेळाकडे पाहण्यास शिकले म्हणजे पराभूताचा पराक्रमही त्यांच्या स्मरणात राहतो. पुढे १९५२ साली मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा संघनायक हेच हजारे होते. आणि त्या वेळी त्यांच्या संघास धर्माचे नाव नव्हते, देशाचे होते.

१९३४ साली आरंभिलेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांत संघांस प्रांतांची व शहरांची नावे असतात. आपल्या विदर्भाने तो करंडक २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांत जिंकला. त्या विजयाचा आनंद मानताना आपला धर्म वा जात कोणासही सांगावी लागली नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी सर्वच जण हजारे होणार नाहीत. परंतु प्रेक्षक तर तुम्ही सर्वच जण आहात. वार्षिक क्रीडादिनी आपल्या तुकडीस प्रोत्साहन द्या, पण दुसऱ्या तुकडीतील मुलाने सुरेख झेल घेतला तर त्यासही टाळी द्या. पोडावरून अनवाणी आलेला मुलगा धावण्यात पहिला आला, तर पालकांनीही आपल्या मुलाचा क्रमांक विचारण्यापूर्वी त्याची पाठ थोपटावी. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मैदानाच्या कडेला आखलेल्या चुन्याच्या रेषेपाशी संपत नाही.